मधुमेहाचें मोजमाप

मधुमेह हा शब्द आज आपल्या घरोघरीं परिचयाचा झाला आहे. चार वडीलधारीं माणसें एकत्र बसलीं कीं "तुमची साखर किती आली?" हा प्रश्न प्रकृतीच्या इतर चौकशीइतकाच सहज विचारला जातो, आणि त्याचें उत्तर एका आंकड्यांत दिलें जातें. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आश्रयानें झालेली देशव्यापी पाहणी २०२३ सालीं प्रसिद्ध झाली. तिनें देशांतील मधुमेही माणसांची संख्या १० कोटींहून अधिक ठरविली. ज्या आंकड्यावर इतक्या माणसांचें पथ्यपाणी, औषध आणि मनाचें स्वास्थ्य अवलंबून आहे, तो आंकडा वैद्यांच्या हातीं कसा आला, काळाबरोबर त्याचा अर्थ कसा बदलला, आणि अजूनहि तो कोणती गोष्ट सांगत नाहीं, याचा विचार आज करावयाचा आहे.

या इतिहासाचा एक धागा थेट रत्नागिरीशीं जोडलेला आहे. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजीं रत्नागिरींत झाला. १९०८ सालीं राजद्रोहाच्या खटल्यांत त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि १९१४ च्या जूनपर्यंत ते मंडालेच्या तुरुंगांत राहिले. मधुमेहानें त्यांना गांठलेलें होतें. 'गीतारहस्या'सारखा ग्रंथ त्यांनीं तेथें लिहिला तो शरीराची ही व्याधि सांभाळीत लिहिला. आज तालुक्याच्या गांवीं एका मिनिटांत कळणारी गोष्ट, म्हणजे या क्षणीं रक्तांत साखर किती आहे ही, त्या काळच्या वैद्यांना रोजच्या उपचारांत कळण्याजोगी नव्हती. लोकमान्य १ ऑगस्ट १९२० रोजीं निवर्तले. इन्शुलिनचा शोध त्याच्या पुढच्याच वर्षीं लागला.

मग त्यापूर्वीं मधुमेह ओळखीत तरी कसा? आपल्या प्राचीन वैद्यांची निरीक्षणशक्ति येथें ध्यानांत घेण्याजोगी आहे. प्रमेहाचीं पूर्वलक्षणें सांगतांना चरकसंहितेंत असें नमूद केलें आहे कीं, रोग्याच्या शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या धांव घेतात. या रोगांतील साखरेची पहिली साक्ष मुंगीनें दिली असें म्हणावयास हरकत नाहीं. सुश्रुतानें आणखी एक महत्त्वाचा भेद केला. प्रमेह दोन प्रकारचा. एक जन्मतः आलेला आणि दुसरा अपथ्यानें जडलेला. पहिल्याचा रोगी कृश असतो आणि दुसऱ्याचा स्थूल. हा भेद श्रोत्यांनीं स्मरणांत ठेवावा. पुढें कोंकणचा विचार करतांना त्याचा उपयोग होणार आहे.

युरोपांत १६७४ सालीं थॉमस विलिस या इंग्रज वैद्यानें रोग्याच्या मूत्राच्या गोडीची नोंद केली. १७७६ सालीं लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सननें मूत्र आटवून तळाशीं राहिलेली साखर प्रत्यक्ष दाखविली, आणि रोग्याच्या रक्ताचा पाण्यासारखा भागहि गोड असतो असें सांगितलें. या दुसऱ्या विधानाचें महत्त्व फार मोठें होतें. साखर मूत्रपिंडांत निर्माण होत नाहीं, ती रक्तांतून तेथें येते, असा त्याचा अर्थ होता. पण रक्त मोजण्याची सोय नसल्यामुळें पुढें शतकाहून अधिक काळ वैद्यांना मूत्रावरच भिस्त ठेवावी लागली.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर स्टॅन्ले बेनेडिक्ट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें आपलें निळें द्रावण प्रचारांत आणलें. कांचेच्या नळींत तें द्रावण घ्यावयाचें, त्यांत लघवीचे आठ थेंब टाकावयाचे, आणि नळी उकळावयाची. साखर नसली तर रंग निळाच राही. असली तर हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटीं विटकरी होई. कित्येक घरांतून हा प्रयोग रोज सकाळीं स्पिरिटच्या दिव्यावर होत असे. साधन स्वस्त होतें, सोपें होतें, आणि रोग्याच्या स्वतःच्या हातांत होतें. परंतु त्यांत एक मूलभूत उणीव होती. रक्तांतील साखर १०० मिलिलिटरांत सुमारें १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावांचून निरोगी मूत्रपिंड ती बाहेर सोडीत नाहीं. म्हणून १७० असतांहि नळी निळीच, आणि ४० वर उतरून रोगी भोवळ येऊन पडण्याच्या बेतांत असतांहि ती निळीच! शिवाय लघवी कित्येक तास सांठलेली असते. तिच्यावरून कळतें तें मागच्या काळाचें, आतांचें नव्हे.

ही उणीव जीवघेणी ठरण्याचा प्रसंग इन्शुलिनच्या शोधानें आला. १९२१ सालीं कॅनडांतील टोरांटो येथें बँटिंग आणि बेस्ट यांनीं हा शोध लावला, आणि जानेवारी १९२२ मध्यें लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचीं पहिलीं इंजेक्शनें देण्यांत आलीं. जो रोग मुलांच्या बाबतींत निश्चित मृत्यूच समजला जाई, तो आटोक्यांत ठेवतां येऊं लागला. पण औषधाला दुसरी धारहि होती. मात्रा अधिक झाली कीं साखर खालीं जाते, घाम सुटतो, हात कांपतात, बुद्धि भ्रमते आणि प्रसंगीं शुद्ध हरपते. साखर वाढल्याचें भय पूर्वींपासून होतेंच. ती उतरण्याचें भय हें नवें. सुदैवानें याच सुमारास थोड्याशा रक्तावर साखरेचें प्रमाण काढण्याच्या रीति तयार झाल्या होत्या; १९१३ मध्यें ईवार बांग यानें आणि १९२० च्या सुमारास फोलिन व वू या जोडीनें त्या सिद्ध केल्या. रक्ताची साखर हा शब्दप्रयोग वैद्यकांत रुळला तो या काळांत.

आपल्याकडे या रोगाचा संघटित विचार करण्याचें श्रेय मोठ्या प्रमाणांत मुंबईकडे जातें. १९५५ सालीं तेथें डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली, आणि तिच्या उभारणींत डॉ. आजगांवकर यांचा पुढाकार होता. वैद्यानें औषध द्यावें आणि रोग्यानें मुकाट्यानें घ्यावें एवढ्यानें हा रोग आवरत नाहीं. रोग्यालाच शिकवून शहाणें केलें पाहिजे, हें सूत्र अशा संस्थांनीं समाजांत रुजविलें. त्याला जोड मिळाली ती नव्या साधनांची. १९६५ च्या सुमारास बोटाच्या थेंबाची परीक्षा करणारी कागदी पट्टी निघाली आणि १९७० नंतर ती पट्टी वाचणारें यंत्र आलें. आरंभीं दवाखान्यापुरतें असलेलें तें यंत्र पुढें लहान होत होत घरांतल्या फडताळांत येऊन बसलें. आतां रोग्याला "या क्षणीं किती?" या प्रश्नाचें उत्तर मिळूं लागलें.

तरीहि एक क्षण म्हणजे दिवस नव्हे. सकाळीं उपाशीपोटीं घेतलेल्या थेंबावरून दुपारच्या जेवणानंतर काय झालें तें कळत नाहीं. आणि परीक्षेच्या आधीं दोन दिवस कडक पथ्य करून डॉक्टरांपुढें शहाजोगपणें उभे राहणारे रोगी कांहीं दुर्मिळ नाहींत. ही अडचण दूर केली ती एका अनपेक्षित शोधानें. १९६८ सालीं तेहरान येथें सॅम्युएल रहबर यांना मधुमेह्यांच्या रक्तांत एका वेगळ्या हिमोग्लोबिनचें प्रमाण वाढलेलें आढळलें. तांबड्या पेशींचें आयुष्य सुमारें १२० दिवसांचें असतें. तेवढ्या काळांत रक्तांतील साखर हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत जाते. जितकी साखर अधिक, तितकें चिकटणें अधिक. हीच आजची 'एचबीएवनसी' परीक्षा. लोक तिला 'तीन महिन्यांची सरासरी' म्हणतात.

या सरासरीला राजमान्यता मिळवून दिली ती अमेरिका व कॅनडा या देशांत १९८३ ते १९९३ पर्यंत चाललेल्या एका मोठ्या प्रयोगानें. इन्शुलिनवांचून ज्यांचें चालत नाहीं अशा १,४४१ व्यक्ति त्यांत सहभागी होत्या. एका गटाचा उपचार नेहमींचा. दुसऱ्याचा कसून केलेला. कसून उपचार झालेल्या गटाची सरासरी ७ टक्क्यांच्या आसपास राहिली, दुसऱ्याची ९ च्या आसपास. ज्यांचे डोळे आरंभीं निर्दोष होते, त्यांपैकीं पहिल्या गटांत डोळ्यांच्या पडद्याला विकार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनीं कमी झाला. साखर आवरली तर दृष्टि वांचते, हें निर्विवाद सिद्ध झालें. पण त्याच प्रयोगांत दुसरीहि गोष्ट दिसली. त्याच गटांत साखर धोकादायक रीतीनें उतरण्याचे प्रसंग सुमारें तिपटीनें वाढले. सरासरी सुधारली, पण तिच्या पोटांत रात्रीअपरात्रींचीं संकटें दडलेलीं होतीं.

सरासरीचा हा स्वभाव रत्नागिरीकरांना निराळा समजावून सांगण्याची गरज नाहीं. या जिल्ह्यांत वर्षाकांठीं ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्याची महिन्याची सरासरी काढून ती एखाद्या परप्रांतीयास सांगितली, तर येथें पाण्याची ददात असेल असें त्याच्या स्वप्नांतहि येणार नाहीं. प्रत्यक्षांत चार महिने नद्या दुथडी भरून वाहतात आणि वैशाखांत कित्येक वाड्यांच्या विहिरी तळ गांठतात. रक्तांतील साखरेचेंहि तसेंच आहे. एचबीएवनसी ७ टक्के म्हणजे सरासरी साखर सुमारें १५४. एकाची साखर दिवसभर १५४ च्या जवळपास राहते. दुसऱ्याची ५० पासून ३०० पर्यंत हेलकावे खाते. परीक्षेच्या कागदावर दोघेहि सारखेच चांगले.

म्हणून साखरेची अखंड नोंद ठेवणारें साधन संशोधकांना हवें होतें. त्याचें बीज १९६२ सालींच पडलें होतें. लेलंड क्लार्क या अमेरिकन शास्त्रज्ञानें अशी कल्पना मांडली कीं, ग्लुकोजवर नेमकी क्रिया करणारें एक एन्झाइम विद्युदग्रावर बसविलें, तर साखरेचें प्रमाण विजेच्या प्रवाहावरून वाचतां येईल. या कल्पनेस व्यवहारांत उतरण्यास जवळजवळ चार दशकें लागलीं. १९९९ सालीं अमेरिकेंत पहिल्या सतत-मापकास मान्यता मिळाली. त्याचा केसासारखा बारीक तंतु कातडीखालीं ठेवीत; तो तीन दिवस, दर पांच मिनिटांनीं, म्हणजे दिवसाकांठीं २८८ नोंदी करी. रोग्याला मात्र त्या दिसत नसत. मागाहून डॉक्टर त्या वाचीत. २००६ च्या सुमारास रोग्याला तत्क्षणीं आंकडा दाखविणारीं यंत्रें आलीं. भारतांत २०१५ सालीं दंडावर चिकटविण्याचा रुपयाएवढा सेन्सर उपलब्ध झाला. तो १४ दिवस राहतो आणि दर पंधरा मिनिटांनीं नोंद करतो. एका सेन्सरच्या अशा १,३४४ नोंदी होतात.

संशोधनांत झांकलेली नोंद आणि दिसणारी नोंद हा भेद फार महत्त्वाचा आहे. आंकडा डोळ्यांपुढें असला कीं माणूस आपोआप बदलतो. दुसरी पोळी घेतांना हात आंखडतो. एखाद्या औषधाचा गुण पाहावयाचा असेल तर नोंद झांकलेलीच बरी. पण पाहण्याचाच गुण तपासावयाचा असेल तर ती उघडी ठेवावी लागते. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ३२२ मधुमेह्यांना घेतलें होतें. पंचवीस वर्षांवरील व्यक्तींना सतत-मापकाचा स्पष्ट लाभ झाला. लहान मुलांत व तरुणांत तो तसा दिसला नाहीं. शोध घेतां असें आढळलें कीं, ज्यांनीं यंत्र रोज वापरलें त्यांना लाभ. ज्यांनीं तें बाजूस ठेवलें त्यांना नाहीं. यंत्र अंगावर असणें आणि त्याचें ऐकणें या दोन गोष्टी भिन्न आहेत, हा त्याचा बोध.

इतक्या नोंदींचा अर्थ लावण्यासाठीं नवें माप ठरविणें प्राप्त होतें. २०१९ सालीं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनीं तें ठरविलें. साखर ७० ते १८० या मर्यादेंत दिवसाचा किती भाग राहते, हें पाहावयाचें. बहुतेक प्रौढ रोग्यांत तो भाग ७० टक्क्यांहून अधिक असावा, म्हणजे चोवीस तासांपैकीं सुमारें सतरा तास. ७० च्या खालचा काळ ४ टक्क्यांहून कमी, म्हणजे तासाच्या आंत; आणि ५४ च्या खालचा १ टक्क्याहून कमी, म्हणजे पाव तासाच्या आंत असावा. वृद्धांसाठीं व नाजूक प्रकृतीच्या रोग्यांसाठीं मर्यादेंतील काळाची अट ५० टक्क्यांवर आणली. पण साखर उतरण्याबद्दलची अट त्यांना अधिक कडक केली, कारण त्या वयांत एक भोंवळ म्हणजे मोडलेलें हाड असूं शकतें. येथें प्रथमच साखरेचा विचार घड्याळाच्या भाषेंत झाला. गृहिणीलाहि समजेल अशी ही भाषा आहे.

आतां कोंकणकडे वळूं. मधुमेह हा सुखवस्तु, स्थूल माणसांचा रोग, असा आपला जुना समज. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं केलेल्या संशोधनानें त्याला जबरदस्त धक्का दिला. १९९३ पासून पुण्याभोंवतालच्या सहा गांवांतील गरोदर स्त्रिया व त्यांचीं बालकें यांचा अभ्यास सुरू झाला. त्या बालकांचें जन्मतः वजन सरासरी २.७ किलो होतें, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बालकांचें ३.५ किलो. पण वजन कमी असूनहि पुण्याच्या बालकांच्या अंगांत स्नायूंच्या मानानें चरबी अधिक होती. २००४ सालीं डॉ. याज्ञिक यांनीं आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचींच मापें प्रसिद्ध केलीं. दोघांची उंची-वजनाची निर्देशसंख्या अगदीं एकच, २२.३, परंतु शरीरांतील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! एकच आंकडा दोन शरीरांत दोन गोष्टी सांगत होता. सुश्रुतानें सांगितलेला कृश रोगी येथें नव्या वेषांत पुन्हां भेटतो.

रत्नागिरी जिल्ह्यांत चिपळूण तालुक्यांतील डेरवण येथें वालावलकर रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय आहे. खेड्यापाड्यांतील किशोरवयीन मुलींच्या पोषणाचा आणि त्यांच्या भावी आरोग्याचा दीर्घ मुदतीचा अभ्यास तेथें हातीं घेण्यांत आला आहे. आज कृश असलेली मुलगी उद्यां माता होते आणि तिच्या पोषणाची छाया पुढच्या पिढीच्या साखरेवर पडते, ही दृष्टि त्यामागें आहे. मोठ्या शहरांच्या प्रयोगशाळांत न उमटणारे प्रश्न अशा ठिकाणींच उभे राहतात.

त्यांतील एक प्रश्न आपल्या विषयाच्या अगदीं गाभ्याचा आहे. एचबीएवनसी ही परीक्षा तांबड्या पेशींच्या आधारानें होते. ज्या शरीरांत त्या पेशींचेंच प्रमाण व आयुष्य बिघडलेलें आहे, तेथें ती साक्ष कितपत खरी मानावी? लोहाच्या कमतरतेनें आलेल्या पंडुरोगांत ही सरासरी खऱ्याहून अधिक दिसूं शकते. पेशी लवकर नाश पावत असतील तर ती कमी दिसते. आणि २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकीं ५७ टक्के स्त्रिया पंडुरोगी होत्या. म्हणजे ज्या स्त्रीच्या साखरेचा निर्णय नेमका होणें अगत्याचें, तिच्याच बाबतींत सर्वमान्य परीक्षा डळमळीत होते. सेन्सर तांबड्या पेशींवर अवलंबून नाहीं. म्हणून अशा लोकसमूहांच्या संशोधनांत त्याचें मोल विशेष आहे. आषाढांत चिखलांत वांकून दिवसभर भात लावणारी बाई, एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीवर दिवस काढणारे आजोबा, रमजानांत पहांटे सहरी करून सूर्यास्तापर्यंत निर्जळ राहणारा दाभोळचा कुटुंबवत्सल गृहस्थ, यांच्या साखरेची वाटचाल एका सकाळच्या थेंबानें कशी समजणार? ती समजण्यास अहोरात्र चालणारी नोंदच पाहिजे.

तथापि नव्या साधनाच्या मर्यादा झांकून ठेवणें बरोबर नाहीं. सेन्सर रक्तांतील साखर मोजीत नाहीं. पेशींच्या भोंवतालच्या द्रवांतील मोजतो. साखर झपाट्यानें चढत वा उतरत असतां त्याचा आंकडा कांहीं मिनिटें मागें राहतो. दंडावर दाब देऊन झोंपल्यास साखर उतरल्याची खोटी वर्दी मिळूं शकते. कोंकणच्या दमट हवेंत घामानें त्याची चिकटपट्टी सुटण्याचा संभव असतो. लक्षण एक आणि आंकडा दुसरा, अशा वेळीं बोटाचा थेंब घेऊन खात्री करून घेणें शहाणपणाचें. आणखी असें कीं, एचबीएवनसीच्या पाठीशीं वर सांगितलेल्या प्रयोगासारखा कित्येक वर्षांचा पुरावा उभा आहे. मर्यादेंतील काळाचें माप अजून वयानें लहान आहे. संशोधनांत दोन्ही मापें शेजारीं शेजारीं ठेवून पाहणें हाच तूर्त योग्य मार्ग होय. खर्चाची गोष्ट तर वेगळीच. पंधरवड्याला एक सेन्सर लावणें शहरांतील सुखवस्तु कुटुंबालाहि जाणवतें. मजुरी करणाऱ्यास तें शक्य नाहीं.

परंतु येथेंच संशोधनाचा खरा उपयोग आहे. प्रत्येकाच्या दंडावर सेन्सर नसला तरी चालेल. एखाद्या गांवांतील कांहीं माणसांची चौदा दिवसांची नोंद काळजीपूर्वक घेतली, तर त्या गांवच्या अन्नाची, कामाची आणि औषधाच्या वेळांची साखरेशीं गांठ कशी पडते तें कळूं शकतें, आणि तें ज्ञान सर्वांच्या उपयोगीं पडतें. अट एवढीच कीं ती नोंद आपल्या माणसांची असली पाहिजे. टोरांटो किंवा बोस्टनच्या शरीरावर बसविलेलें माप संगमेश्वरच्या शरीरावर पारखल्यावांचून लावणें म्हणजे याज्ञिक आणि युडकिन यांना एकाच वजनकांट्यानें एकसारखे ठरविण्यासारखें आहे.

मुंगी, निळें द्रावण, बोटाचा थेंब, तीन महिन्यांची सरासरी आणि आतांचा सेन्सर. यांतील प्रत्येक साधनानें आपल्या काळीं खरें तेंच सांगितलें, पण सगळें सांगितलें नाहीं. म्हणून यापुढें घरांत कोणाची साखर विचारावयाची झाली, तर आंकड्याबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्या : ती कोणत्या वेळची, आणि ती कोणत्या परीक्षेनें काढलेली. घरांतील स्त्री फिकट दिसत असेल, लवकर थकत असेल, तर तिच्या साखरेबरोबर हिमोग्लोबिनहि पाहण्यास डॉक्टरांना सांगावें. आणि वृद्ध माणूस रात्रीं घामाघूम होऊन जागा होत असेल, तर 'सरासरी उत्तम आहे' एवढ्यावर समाधान मानून स्वस्थ बसूं नये.